पत्त्यांची वही : आपल्या उत्सवाच्या निमंत्रणांचा इतिहास

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मंडळाचा इतिहास यापूर्वी दोन-तीनदा छापून झाला आहे. पहिली मूर्ती कोणी आणली, पहिल्या वर्षी वर्गणी किती जमली, नाटकाचा पडदा दुसऱ्या अंकाच्या ऐन मध्यावर कसा खाली आला, हे जुन्या सभासदांना पाठ आहे. पण जूनमधल्या कार्यकारिणीच्या सभेत एक विषय निघाला, त्यावर थोडी वादावादीही झाली, आणि मला लिहायला निमित्त मिळाले.

विषय साधाच होता. उत्सवाच्या सूचना यापुढे कशा पाठवायच्या? आपले तरुण सहकार्यवाह नोएडाला संगणकाच्या क्षेत्रात काम करतात. त्यांनी प्रस्ताव मांडला की छापील कार्ड, एसएमएस, ई-मेल हे सगळे आता बंद करावे आणि मंडळाचे स्वतःचे ॲप काढावे. तेवढे जमत नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर एक चॅनेल सुरू करून तिथेच सर्व काही द्यावे. "काका, खर्च जवळजवळ शून्य, आणि एका क्षणात सगळ्यांना कळतं," ते म्हणाले.

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" मी विचारले.

माझा स्वर जरा चढला होता हे कबूल करतो. त्या मुलाचा उत्साह खरा आहे, मंडळासाठी तो रात्री जागतो. पण मला त्या क्षणी एक कुलूप लावलेले फाटक आठवले होते. त्या फाटकाकडे मी पुढे येतोच.

आधी वहीची गोष्ट सांगतो. मंडळ स्थापन झाले त्या वर्षी आपल्या पहिल्या खजिनदारांनी चावडी बाजारातून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आणली. ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबनीस होते, अक्षर मोत्यासारखे. वहीत रकाने पाडले : नाव, पत्ता, मूळ गाव, पिनकोड, दूरध्वनी असल्यास, आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना म्हणजे दिल्लीतल्या मराठी माणसांचे चरित्रच म्हणावे लागेल. 'बदली, नागपूर'. 'मुलाकडे, फरिदाबाद'. 'निरोप वरच्या मजल्यावर शर्माजींकडे द्यावा'. 'सौ. गेल्या, यंदा आरतीला बोलावू नये, पुढल्या वर्षी बोलवावे'. करोलबाग, पहाडगंज, लोदी कॉलनी, रामकृष्णपुरम अशा ठिकाणांहून लोक हळूहळू जमनापार आले, मग तिथून नोएडा, वैशाली, गुडगाव. वहीतले पत्ते खोडले गेले, शेजारी नवे लिहिले गेले. माणसे हलली तरी ती वहीतून कधी सुटली नाहीत.

दिल्ली आणि मराठी माणूस यांच्यात निरोप पोचण्याचा प्रश्न तसा जुनाच आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीत राहून दरबाराची खबर पुण्याला लिहून धाडत असत. त्यांचे दप्तर पुढे छापून प्रसिद्ध झाले आहे. जासूद आणि हरकारे ही पेशव्यांची स्वतःची व्यवस्था होती. सावकारांची वेगळी : त्यांचे कासीद हुंड्या, चिठ्ठ्या, भावताव घेऊन पेढीपेढीतून धावत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अनर्थ झाला तेव्हा नानासाहेब पेशवे मदतीला निघून माळव्यापर्यंत आलेले होते. फौजेकडून येणाऱ्या बातम्या त्याआधीच आटल्या होत्या. शेवटी दहाएक दिवसांनी भेलशाच्या बाजूला एका सावकाराचा कासीद हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात मोत्ये, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी भाषेत हानी लिहिली होती. ती दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत कळते. मला त्या हकिगतीत नेहमी एक गोष्ट लागते. ते पत्र पेशव्यांना लिहिलेलेच नव्हते. खुद्द पेशव्यांची व्यवस्था थांबली होती, आणि ज्या वाटेने कोणाचीही चिठ्ठी जात होती ती वाट चालू होती. पानिपत जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो, म्हणजे एका अर्थी ही आपल्याच परिसरातली गोष्ट आहे.

सर्वांसाठी असलेली अशी वाट म्हणजे टपाल. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले, किंमत पाव आणा. ते कोणीही घ्यावे, कोणालाही लिहावे. ज्याला लिहायचे त्याने आधी कुठे नाव नोंदवलेले असण्याची गरज नाही. त्याला राहायला घर असले की पुरे. आपल्या मंडळाची पहिली निमंत्रणे पोस्टकार्डावरच गेली. पुढे पहाडगंजातल्या एका छापखान्यात कार्डे छापून बुक पोस्टाने पाठवू लागलो. त्या हिंदी छापखान्यात 'ळ'चे खिळे नव्हते! त्यामुळे पहिली दोन वर्षे आपण 'गणेशोत्सव मंडल' होतो आणि आरती 'सकाली' साडेआठला होती. तिसऱ्या वर्षी एका सभासदाने सुट्टीवरून येताना पुण्याहून 'ळ'चे मूठभर खिळे आणून छापखान्याला भेट दिले.

इथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आपल्या कार्यक्रमांत त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या योजनेतून. अडचण अशी होती की एकाच नावाची गावे देशात अनेक, पत्ते लिहिणार अनेक लिप्यांत, आणि अक्षर ज्याचे त्याचे. वेलणकरांनी प्रत्येक टपाल कार्यालयाला सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून प्रांताचा, तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन त्या कार्यालयाचे. आपली वही उघडली की याची गंमत दिसते. दिल्लीचे ११, हरियाणाचे १२, उत्तर प्रदेशाचे २०. पहाडगंज ११००५५, करोलबाग ११०००५, लक्ष्मीनगर ११००९२. सभासद दिल्लीत राहतो, गुडगावात की गाझियाबादेत, हे नावावरून कळत नाही, पण आकड्यांवरून डोळे झाकून सांगता येते. वेलणकरांची सहा आकड्यांची ही पद्धत वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. पत्र खात्याने न्या, कुरियरने न्या, नाहीतर आजच्या घरपोच सामानवाल्यांना विचारा. सगळे तेच सहा आकडे मागतात. अर्धशतक उलटून गेले तरी ती बदलावी लागलेली नाही.

दूरध्वनीबद्दल थोडक्यात. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले तेव्हाही घरी फोन असणे ही मोठी गोष्ट होती. आपण साखळी केली होती : एकाने पाच घरी फोन करायचा, त्या पाचांनी पुढच्या पाचांना. एक कडी झोपली की तिच्याखालची सगळी घरे अंधारात. तरी दोन घटना साखळीने सांभाळल्या. त्या मागच्या स्मरणिकांत आलेल्या आहेत, पुन्हा लिहीत नाही.

तारेचाही अनुभव घेतला. दिल्लीचे आणि तारेचे नाते जुने. ११ मे १८५७ रोजी काश्मिरी गेटाबाहेरच्या तार कचेरीतून दोन पोरसवदा तारमास्तरांनी अंबाल्याला इशारा दिला; त्याचे स्मारक त्या भागात आहे. मंडळ म्हणून आपण तार वापरली ती मूर्तिकाराला पेणला कळवण्यासाठी आणि एखाद्या पाहुण्या कलाकाराला होकार देण्यासाठी. १४ जुलै २०१३ ला तारेचा शेवटचा दिवस होता. मी जनपथवर जाऊन रांगेत उभा राहिलो आणि सातारच्या थोरल्या बंधूंना 'खुशाल आहे' अशी तार केली. रांगेत बहुतेक तरुण पोरे होती, आयुष्यातली पहिली आणि शेवटची तार करायला आलेली. म्हणजे जुनी आणि सरकारी वाट आहे म्हणून ती कायम राहील, अशा भ्रमात मी नाही. साध्या टपालातही तेच चालले आहे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले.

मोबाइल आले आणि सगळे बदलले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, हे वर्तमानपत्रात वाचून आम्ही हसलो होतो; सात-आठ वर्षांत आमच्याच खिशात ते यंत्र आले. एसएमएस या गोष्टीचा इतिहास मला फार नंतर कळला, आणि कळल्यावर विशेष आनंद झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर युरोपातले अभियंते मोबाइलचे नियम ठरवत होते. त्यांच्यातले जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर मनाला येतील ती वाक्ये टाइप करून अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसली. माणसे पोस्टकार्डावर साधारण किती लिहितात तेही त्यांनी विचारात घेतले. म्हणजे एसएमएसची मर्यादा पोस्टकार्डाकडे बघून ठरलेली आहे! ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात पहिला निरोप गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. हे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. कोणताही हँडसेट, कोणतीही कंपनी, निरोप पोचतोच. मुद्दाम काही उतरवून घ्यावे लागत नाही.

मात्र १६० अक्षरे रोमन लिपीची. देवनागरीत लिहिले की प्रत्येक चिन्हाला जागा जास्त लागते आणि निरोप ७० चिन्हांत संपतो. त्यातही काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'श्री' हे एक अक्षर चार चिन्हांचे : श, हलन्त, र, वेलांटी. 'मूर्ती' म्हणजे सहा. 'श्री गणेशाय नमः' लिहिले की निरोपाची पाव जागा गेली. म्हणून आपण वर्षानुवर्षे रोमन लिपीत मराठी लिहिले आणि त्याचे परिणामही भोगले. एका वर्षी महाप्रसाद झाल्यावर आभाराचा निरोप गेला, 'कालच्या महाप्रसादाला आपण आलात...' असा. रोमनमधला तो 'काल' आपल्या पंजाबी शेजाऱ्यांनी 'कल' वाचला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार कुटुंबे हातपाय धुऊन मंडपात हजर! घाईघाईने साबुदाण्याची खिचडी केली. पुढे दरवर्षी त्या चार कुटुंबांना त्या खिचडीसाठीच बोलावू लागलो.

एसएमएसची खरी परीक्षा झाली २०१० साली. त्या वर्षी गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २२ला. यमुनेला मोठा पूर आला होता. जुन्या लोखंडी पुलापाशी पाणी २०७ मीटरच्या वर चढले. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा तोंडावर, बंदोबस्त कडक. ठरलेल्या घाटावर जाणे शक्य नव्हते. दुपारी बारा वाजता मी आणि दोघे तरुण मंडपामागे खुर्च्या टाकून बसलो आणि वहीतून एकेक क्रमांक घेत निरोप पाठवले. दीड तासात सगळ्यांना कळले. एकही गाडी नदीकडे गेली नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी अयोध्या खटल्याचा निकाल अपेक्षित होता, म्हणून सरकारने घाऊक एसएमएसवर बंदी घातली. पुढे निकालाची तारीख लांबली, ३० सप्टेंबरवर गेली, बंदीही लांबली. हिशेबाच्या सभेची सूचना आम्ही एका घाऊक सेवेतून पाठवणार होतो, ती अडकली. शेवटी फोनची जुनी साखळी काढली.

तेव्हापासून एसएमएसच्या वाटेवर नाके वाढतच गेले. जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता, लोक वैतागले होते, हे खरेच. सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमकार्डावरून दिवसाला १०० निरोपांची मर्यादा आली. नोव्हेंबरात ती २०० झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातल्या लोकांबद्दल अफवा उठल्या तेव्हा तर काही दिवस घाऊक निरोपांची मर्यादा पाचावर आली होती. मग २०१८चे नियम आले : घाऊक पाठवणाऱ्याने स्वतःची नोंदणी करायची, निरोपावर येणारे नाव नोंदवायचे, मजकुराचा साचासुद्धा आधी मंजूर करून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली त्या दिवशी बँकांचे परवलीचे आकडेसुद्धा लोकांना मिळेनात आणि आठवड्यासाठी ती थांबवावी लागली. 'सकाळची आरती साडेआठऐवजी नऊला' या निरोपाचा साचा कोण मंजूर करून घेणार? तेव्हा आता एसएमएस आपण हातानेच, थोडे थोडे करून पाठवतो.

ई-मेलचेही तसेच. त्याचे नियम १९८२ पासून उघडे आहेत. एका कंपनीचा पत्ता सोडून दुसरीकडे गेलात तरी पत्रव्यवहार चालू राहतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. (पिनकोडचाही दिवस तोच, टपाल-तारवाल्यांना स्वातंत्र्यदिन आवडत असावा.) अमेरिका, दुबई, बंगळूर इथे गेलेल्या आपल्या मुलामुलींना उत्सवाचे वृत्त ई-मेलनेच जाते आणि देणग्याही त्यामुळेच येतात. अडचण एवढीच, की पुष्कळदा ते नको असलेल्या पत्रांच्या टोपलीत जाऊन पडते. २०२४ पासून मोठ्या टपालसेवांनी घाऊक पाठवणाऱ्यांसाठी ओळख पटवण्याचे नियम कडक केले. वाट सगळ्यांची, पण वेशीवर आता दोन-तीन मोठे पाटील बसले आहेत.

नव्या व्यासपीठांचा अनुभव आपल्याला नाही असे नाही. २००४ साली ऑर्कुट निघाले, आपल्या मुलांनी तिथे हौसेने मराठी समूह काढले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. याहूचे ग्रुप २०२०च्या डिसेंबरात संपले. गूगल प्लस आले आणि २०१९ मध्ये गेले. आपलाही एक समूह अशाच एका ठिकाणी होता, त्याचे नाव लिहीत नाही, कारण चूक आमची होती. बंद होण्याची सूचना आली होती. ज्याच्या ई-मेलवर आली तो तेव्हा सिंगापूरला होता, आणि सहा वर्षांच्या उत्सवांची छायाचित्रे उतरवून घ्यायची राहून गेली.

मग व्हॉट्सॲप. त्याचे गुण मला मान्य आहेत. मराठी हवे तेवढे लिहा, छायाचित्र पाठवा, ज्यांना वाचायला दिसत नाही त्यांना बोलून पाठवा. २०१६ साली समूहाची मर्यादा २५६ माणसांपर्यंत वाढली आणि आपल्या कार्यकारिणीने आनंदाने ठराव केला की छापील कार्डे बंद. छपाई आणि टपालाचे पैसे वाचवून सजावटीला लावू. त्या ठरावावर कार्यवाह म्हणून माझी सही आहे.

त्याच वर्षी आपली जागा बदलली. इतकी वर्षे उत्सव लक्ष्मीनगरजवळच्या शाळेच्या मैदानात होत असे. शाळेने बांधकाम काढले, म्हणून मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात हलवला. समूहावर नकाशा टाकला, खाली नमस्काराचे हात आणि फुलांची चित्रे आली. काम झाले असे आम्ही समजलो.

पुढल्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. तिथे रांगेत आपल्या पहिल्या खजिनदारांच्या पत्नी भेटल्या. खजिनदार जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. काकूंनी मला पाहून आधी ओळख दिली नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी गणपती बंद केलात, तर निदान कळवायचंत."

मला काही सुचेना. त्या सांगू लागल्या. २०१६ला कार्ड आले नाही, पण चतुर्थीची तारीख पंचांगात असतेच. दरवर्षीप्रमाणे एकवीस मोदकांचा डबा आणि दुर्वांची जुडी घेऊन त्या रिक्षाने शाळेपाशी आल्या. फाटकाला कुलूप. चौकीदार नवा, त्याला काही माहीत नव्हते. अर्धा तास त्या फुटपाथवर उभ्या होत्या, मग मोदक चौकीदाराला देऊन घरी गेल्या. दुसऱ्या वर्षी आल्याच नाहीत. त्यांच्याकडे फोन होता, साधा, बटणांचा. त्यांचा क्रमांक आपल्या वहीत होता. त्यांच्याच यजमानांच्या अक्षरात पत्ता होता. नवे सभागृह त्यांच्या घरापासून फार तर पाच किलोमीटर.

आणि आम्ही दोन वर्षे काय म्हणत होतो? "काकू हल्ली येत नाहीत, तब्येत बरी नसेल." कोणी जाऊन पाहिले नाही, कारण समूहावर सूचना 'सगळ्यांना' गेली होती.

मी त्याच आठवड्यात वही काढून समूहाशी ताडून पाहिली. समूहात नसलेली एकेचाळीस घरे निघाली. काहींकडे साधा फोन होता, काहींचा क्रमांक बदलला होता, काहींनी समूहातल्या सुप्रभातांना कंटाळून तो सोडला होता. त्यानंतर व्हॉट्सॲपच्या 'ब्रॉडकास्ट' यादीचा आणखी एक नियम कळला, जो आम्ही वाचलाच नव्हता : पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो निरोप मिळतो. माझा क्रमांक काही सर्वांनी साठवलेला नव्हता. ॲपचे गणितही मी सहकार्यवाहांकडूनच समजून घेतले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की मंडळाने स्वतःचे ॲप काढले तरी त्याची घंटी वाजते ती ॲपल किंवा गूगल यांच्या यंत्रणेतून. आपण आपल्या हाताने ती वाजवू शकत नाही.

काकूंच्या घरी मी आणि सौ. दोघे गेलो. त्यांनी चहा दिला, राग धरला नाही. उठताना एक बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यात मंडळाची सगळी निमंत्रणे होती, पहिल्या 'मंडल'वाल्या पोस्टकार्डापासून २०१५च्या रंगीत कार्डापर्यंत. एकही वर्ष गळालेले नाही. या स्मरणिकेच्या सुरुवातीला पाहुणे व कार्यक्रमांची जी वर्षवार यादी आहे, ती त्या डब्यातून तयार झाली आहे. २०१६ आणि २०१७ या वर्षांपुढे मात्र काहीच लिहिता आले नाही. त्या वर्षी कोण गायले हे आम्हाला आठवत नाही, आणि ज्या फोनांवर सूचना लिहिल्या होत्या ते फोनही आता कोणाकडे नाहीत.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर सहकार्यवाह मला पुन्हा सभेत धरतील. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीत प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली ती वाचकांना सांगायला नको. त्या दिवसांत मंडळाचा समूह रात्रंदिवस जागा होता. सिलिंडर कुठे भरून मिळतो, कोणत्या रुग्णालयात खाट आहे, कोण डबा पोचवील, हे मिनिटामिनिटाला कळत होते. पोस्टकार्ड तिथे काय करणार? माझ्या ओळखीतली दोन माणसे त्या समूहामुळे आज आहेत. पण त्याच दिवसांत याच सहकार्यवाहांनी वही मागून नेली आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज सकाळी फोन लावायला सुरुवात केली. त्यातले निम्म्याहून अधिक समूहात नव्हते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक जगभर सहाएक तास बंद पडले, तेव्हा आमच्या घरी आधी वाटले की फोनच बिघडला.

जूनच्या सभेत शेवटी ठरले ते असे. वही हीच मंडळाची मूळ यादी. तिची नक्कल संगणकावर राहील आणि दरवर्षी कागदावर छापून कार्यवाहांच्या कपाटात ठेवली जाईल. चतुर्थीची वेळ, जागा आणि विसर्जन, या तीन गोष्टी साध्या एसएमएसने प्रत्येकाला जातील. ज्यांच्याकडून पोच येणार नाही त्यांना फोन. परगावी ई-मेल. एकेचाळीस घरांना छापील कार्ड टपालाने, पिनकोडासकट. आता ती घरे तेहतीस राहिली आहेत. हे झाल्यावर मग चॅनेल, समूह, छायाचित्रे, थेट आरती, जे हवे ते तरुणांनी करावे. ॲपचा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. सहकार्यवाह थोडे नाराज आहेत, पण कार्डांवर पत्ते लिहायला रविवारी तेच माझ्या घरी आले होते, आणि त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे.

काकूंचे कार्ड मी स्वतः लिहिले. यंदा गुडघे दुखतात म्हणून त्यांना आणायला गाडी पाठवायची आहे. ज्यांना जमेल त्यांनी चतुर्थीच्या सकाळी आठपर्यंत मला कळवावे. आणि या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी छापली आहे. तीवर आपला पत्ता, पिनकोड आणि घरातल्या साध्या फोनचा क्रमांक लिहून ती मंडपातल्या पेटीत टाकावी. पत्ता बदलला असल्यास जुनाही लिहावा, म्हणजे वहीत नेमका कोणता खोडायचा ते मला कळेल.